फळे आणि प्रश्न

कोलंबियातील कार्ताहेना हे कॅरिबियन समुद्रावरील बंदर १५३३ साली वसले. त्याची जुनी तटबंदी पाहून आम्ही सायंकाळी बोकाग्रांदेच्या किनाऱ्यावर आलो. डोक्यावर फळांचे घमेले घेऊन एक कृष्णवर्णीय स्त्री आली. गुलामगिरीतून पळालेल्यांनी वसवलेल्या सान बासिलिओ गावच्या स्त्रिया येथे फळे विकतात. आम्ही घासाघीस करून भाव पाडला, फळे खाल्ली. आणि सकाळी पाहिलेले ख्रिस्तमंदिर एकाएकी आठवले.

त्या मंदिराच्या वेदीखाली संत पीटर क्लेव्हर यांचे अवशेष आहेत. हे स्पॅनिश येशूसंघीय १६१० साली येथे आले. आफ्रिकेतून गुलामांचे जहाज बंदराला लागले की ते फळे, पाणी आणि औषधे घेऊन त्याच्या तळघरात उतरत, जखमा धूत. १६२२ साली अंतिम व्रत घेताना त्यांनी स्वतःला आफ्रिकनांचा कायमचा गुलाम म्हणवून घेतले.

परंतु गुलामांशी बोलण्यासाठी लागणारे दुभाषे येशूसंघाच्या विद्यालयाने विकतच घेतलेले होते! करुणा आणि मालकी एकाच छपराखाली नांदत होती. १६५४ साली क्लेव्हर वारले. गुलामगिरी मात्र १८५२पर्यंत टिकली.

मग ती करुणा व्यर्थ गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. तहानलेल्याला कायदा होईपर्यंत थांबता येत नाही. त्याला पाणी आजच हवे असते. मात्र पाणी पाजून झाल्यावर, 'याला तहानलेला कोणी ठेवले?' असे विचारणे हेही प्रीतीचेच कर्तव्य आहे. फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानिओ दे मुआरां या दोन कापुचिन धर्मगुरूंनी १६८१च्या सुमारास हवाना बंदरात तो प्रश्न विचारला. गुलामांना मुक्त करा, त्यांच्या श्रमांचे मोल चुकते करा, असे त्यांनी बजावले. त्यांना अटक झाली. क्लेव्हर यांना ख्रिस्तसभेने १८८८ साली संतपद दिले. या दोघांची नावे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली आहेत?

दया करणारा आपल्याला आवडतो, कारण तो आपला हिशेब मागत नाही. नाताळला मोलकरणीला नवे लुगडे देताना आपले मन भरून येते; तिच्या पगाराचा आणि रजेचा विषय निघाला की तेच मन आखडते. लुगडे अवश्य द्यावे; परंतु हक्काचे देणे चुकते केल्यावाचून दिलेले दान अपुरेच राहते.

क्लेव्हर ज्यांच्यासाठी फळे घेऊन धावले, त्यांच्याच लेकीशी आम्ही फळांच्या भावावरून हुज्जत घातली होती. आम्ही वळून पाहिले. ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.