निवडलेले रूप

उपासनेसाठी जे रूप आपण निवडतो त्यात उपास्याचा अंश किती आणि आपल्या आवडीचा किती, हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने छळू लागला तो वाईच्या कृष्णाघाटाची छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर मांडीत असताना.

गूगलने २००५ साली वैयक्तिक मुखपृष्ठाची सोय केली, २००७ मध्ये तिला आयगूगल हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी त्या पानाच्या माथ्यावर चढविण्याच्या थीम आल्या. त्यांतल्या चहागृहाच्या थीममधील कोल्हा पाहणाऱ्याच्या गावच्या वेळेप्रमाणे दिवसभर आपले उद्योग बदलीत असे. पुढच्या वर्षी स्वतःची थीम रचण्याची मुखत्यारी कोणालाही मिळाली. जाबता साधा होता: एक्सएमएलची एक फाइल लिहावी, तीत मधले चित्र, दोन्ही बाजूंस पुनःपुन्हा उमटणारी पट्टी आणि अक्षरांचा रंग यांची तजवीज करावी, आणि कोणते चित्र किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत दिसावे ते नमूद करावे. मी मध्यभागी ढोल्या गणपतीचे देऊळ घेतले, बाजूंस कृष्णेचे पाणी पसरले, आणि दिवसाचे आठ प्रहर धरून आठ चित्रे केली. सर्वांत अधिक रात्री खाल्ल्या त्या पाण्याने. कारण पट्टीची उजवी कड डाव्या कडेशी जुळली नाही तर नदीत ठराविक अंतराने उभी भेग दिसते, आणि वाहत्या पाण्यातली कोणतीही लाट दुसऱ्या लाटेशी तंतोतंत जुळत नाही, हे त्या दोन कडा जुळविताना मला जितके कळले तितके घाटाच्या पायरीवर बसून कधी कळले नव्हते.

परंतु हे सारे माझ्याखेरीज कोणीही पाहणार नव्हते. सकाळी काम सुरू करताना प्रथम जो उंबरठा ओलांडायचा तो माझ्याच रुचीने सजलेला, त्यावरचे देऊळ माझ्या बालपणातले, त्याचे रंगही मला सुखविणारे. अशा ठिकाणी नमस्कारासाठी हात जोडले, तर तो नमस्कार अखेर कोणाला पोचतो?

आमच्या देवघरातले पंचायतन मी याच शंकेने पुन्हा पाहिले. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोणनदाचा तांबडा गणेश, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा सुवर्णमुखी पाषाण ही पाच दैवते सर्व स्मार्त घरांत तीच. मध्यभागी कोणाला बसवावे आणि चार कोनांत कोणाला, एवढाच अखत्यार गृहस्थाला दिलेला आहे. म्हणजे निवड परंपरेने नाकारलेली नाही. तिने इष्ट या शब्दातच माणसाच्या इच्छेला मानाचे आसन दिले आहे. मात्र एकदा बाण मध्ये बसला की आईला कंटाळा आला म्हणून शाळिग्राम मध्ये येत नाही. ताप असो वा पाहुणे असोत, ताम्हनात पाणी पडतेच. पंढरपुरास विठ्ठलाचा पोशाख बदलतो, काकड्यापासून शेजारतीपर्यंत उपचार बदलतात, पाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत त्याला चंदनाची उटी लावतात; पण हे बदल काळाच्या आणि ऋतूच्या हुकमाने होतात, पुजाऱ्याला त्या दिवशी काय आवडले यावर त्यांचा हवाला नसतो.

आणि येथेच मला माझ्या त्या क्षुद्र रचनेविषयी थोडा आदर वाटू लागला. एका रात्री, मन फार खचलेले असताना, मला पहाटेचा घाट पाहावासा वाटला. पान उघडले तर समोर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीचा काळा घाट आणि एकच मिणमिणता दिवा. फाइल माझी होती, दोन आकडे फिरविले असते तर पहाट झाली असती. मी ते फिरविले नाहीत. जी मांडणी मी निवडली तिच्यापुढे आता मला थांबावे लागत होते, आणि हे थांबणे हाच आवड आणि उपासना यांच्यातला भेद आहे, असे मी तेव्हापासून मनापासून मानतो. आवडीचे रूप आपल्या मनाची मर्जी राखते. इष्टाचे रूप आपल्याला त्याच्या वेळेची वाट पाहायला लावते.

आयगूगलची ती सेवा १ नोव्हेंबर २०१३ रोजी बंद झाली. सूचना बरीच आधी मिळालेली होती, म्हणून आघात असा झाला नाही. पार्थिव गणपती घडविणाऱ्या घरात वाढलेल्याला मूर्ती पाण्यात जाण्याचा दिवस ठरलेला असतो हे शिकवावे लागत नाही. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सायंकाळी मी सवयीने पान उघडले, देऊळ दिसले नाही, आणि बाहेर आलो तेव्हा आई उंबरठ्याशी वाकून यमदीपाची वात दक्षिणेकडे वळवीत होती. वाऱ्याने ती पुनःपुन्हा फिरत होती आणि आई ती पुनःपुन्हा जागेवर आणीत होती.