मेलंय की मारलंय?

"काका, हे पान मेलंय की मारलंय?" डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे, तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवत विचारलं. प्रबंधासाठी कधीकाळी टिपून ठेवलेली लिंक, आता पडद्यावर नुसतं पांढरं. वायफाय बंद करून पाहिलं, मोबाइलवर पाहिलं. काही सांगता येईना. तेव्हापासून तो प्रश्न दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा सलतोय.

मारलं असेल तर ती बंदी; आणि बंदी नि पाळत यांत मी नेहमी फरक करत आलोय. बंदी उघड असते, तिच्याशी भांडता येतं. पाळत गुपचूप, तिच्याशी भांडायचं कुठं? म्हणून पाळत जास्त वाईट. लोकलमधले एक स्नेही यावर हमखास म्हणतात, "लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" मी त्यांना पालघरची आठवण करून देतो. नोव्हेंबर 2012, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, तीच तर पंचाईत झाली. स्नेही मग मुंब्र्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसतात.

त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच निकालात 69अ शाबूत राहिलं. इंटरनेटवरचा मजकूर अडवण्याचं हे कलम, आणि त्याच्या 2009 च्या नियमांत तक्रार नि कारवाई गोपनीय ठेवायची तरतूद आहे.

म्हणजे बंदीही गुपचूप झाली की! माझा लाडका फरक गेला.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर 2004 मध्ये राज्य सरकारनं बंदी घातली, तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 95व्या कलमानुसार अधिसूचनेत कारणं द्यावी लागत, 96व्या कलमानं उच्च न्यायालयात जाता येई. लोक गेले. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी उठवली, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. कागद होता म्हणून भांडता आलं. माझ्या तोंडून हे निघेल असं वाटलं नव्हतं, पण घालायचीच तर तसली सहीशिक्क्याची बंदी घाला. ग्रंथालयातून पुस्तक गहाळ झालं तरी नोंदवहीत त्याचा दाखल क्रमांक राहतो; संशोधकाला निदान काय गेलं ते कळतं.

मुलगी तळटिपेत एरवी 'अमुक तारखेला पाहिले' असं लिहिते. या वेळी तिनं 'उघडले नाही' लिहून तारीख घातली. मग थांबून म्हणाली, "सर विचारतील, का उघडलं नाही?"