दिग्व्रत आणि अहमदाबादची यादी

अहमदाबादला जायचं ठरलं की आमच्या बडोद्याच्या महिला मंडळात आधी डब्यांची चर्चा होते. दशम्या कोण आणणार, सूर्यास्ताच्या आत जेवण कुठे उरकायचं, वगैरे. मग जागांची यादी. हठीसिंगांचं मंदिर, अडालजची वाव, सिदी सैयदची जाळी, सरखेज, साबरमती आश्रम. रस्ता जेमतेम ११० किलोमीटरचा, पण यादी काही संपत नाही. यंदा एकीनं मध्येच विचारलं, "अगं, शास्त्रात श्रावकाला दिग्व्रत सांगितलंय. मग हे भटकणं कशासाठी?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

दिग्व्रत म्हणजे दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घेणं. अमुक नदी, अमुक डोंगर, त्यापलीकडे जाणार नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ते आहे. सीमेपलीकडची हिंसा आणि हाव आपोआप थांबते, हा त्यातला हिशेब.

पण व्रत घेणाऱ्याला आधी चारी दिशा मोकळ्या हव्यात ना? आपल्या आजेसासूबाईंची सीमा उंबरठ्यापासून मंदिरापर्यंत होती. ती त्यांनी कुठे आखली होती? दुसऱ्यानं घातलेलं कुंपण आणि स्वतः घेतलेली मर्यादा लांबून सारखीच दिसतात, पण पहिल्यात त्याग कसला? जिला कधी जाताच आलं नाही, तिच्या न जाण्याला व्रत म्हणणं मला तरी पटत नाही.

हठीसिंगांचंच मंदिर घ्या. धर्मनाथांच्या त्या मंदिराचं काम शेठ अर्ध्यावर टाकून गेले. १८४८ मध्ये ते पुरं केलं त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी. विधवेनं कोपऱ्यात बसावं असा तो काळ! मंदिर श्वेतांबरांचं, आपण दिगंबर. पण त्या बाईचं काम पाहायला जाण्यात पंथ कशाला आडवा यावा?

म्हणून माझं म्हणणं, जायचंच. खटकते ती यादी. एका दिवसात सात ठिकाणं, प्रत्येकाचा फोटो, "पाहून झालं" म्हणून खूण. हा परिग्रहच की, फक्त कपाटात ठेवता येत नाही एवढंच. मर्यादा तिथे घालावी. मी सुचवलं, दोनच जागा ठेवू, मंदिर आणि राणी रुडाबाईंची वाव, आणि प्रत्येक ठिकाणी निवांत बसू.

बऱ्याच जणींना पटलं. फक्त राणीच्या हजिऱ्याजवळच्या बाजाराचं काय, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेलाय.