तपासलेले नाही

कारखान्यातली लेथ, प्रेस किंवा इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र नीट देखभाल झाली तर तीस-चाळीस वर्षे काम देते. त्याला हुकूम सोडणारी इलेक्ट्रॉनिक्सची पेटी मात्र त्याच्या कितीतरी आधी बाजारातून नाहीशी होते. अशा पेटीला पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) म्हणतात. सीमेन्सची सिमॅटिक एस-५ ही पीएलसीची मालिका १९७९ साली आली आणि पुढे एस-७ने तिची जागा घेतली. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या पीएलसी-५चे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. त्यांच्यावर चालणारी यंत्रे अजून उभी आहेत. एखादे इनपुट कार्ड जळाले की मालकापुढे दोन वाटा उरतात. पूर्ण पॅनल बदलून नव्या पीएलसीसाठी प्रोग्रॅम लिहून घ्यायचा, किंवा तेच जुने कार्ड कुठून तरी मिळवायचे. पहिल्या वाटेचा खर्च लाखांत जातो आणि यंत्र कित्येक दिवस बंद राहते. दुसरी वाट काही हजारांत भागते. भोसरी, शिरोली, सातपूर किंवा वाळूजच्या छोट्या कारखानदाराला दुसरी वाट जवळची वाटली तर नवल नाही. पूर्वी ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून जात असे, आता मोबाइलच्या पडद्यावरून जाते. २०२० नंतरच्या चिपटंचाईत नव्या मालासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले, तेव्हा या वाटेवरची गर्दी आणखी वाढली.

माल येतो कुठून, हे समजल्याशिवाय त्यातल्या खऱ्याखोट्याचा विचार करता येत नाही. बंद पडलेल्या गिरणीचा लिलाव होतो, यंत्रे वजनावर जातात आणि पॅनलमधली कार्डे कोणी तरी स्क्रू काढून वेगळी करतो. मोठ्या कारखान्यात नियंत्रण व्यवस्था बदलली की जुना संच पोत्यांतून बाहेर पडतो. काही माल जपान आणि युरोपातल्या जुन्या यंत्रांबरोबर येतो. विकणाऱ्याच्या हाती तो पोहोचतो तेव्हा त्याचा इतिहास बहुधा वाटेतच गळून पडलेला असतो.

त्यामुळे या बाजारात वस्तूइतकेच तिच्या वर्णनाला मोल असते, आणि ही वर्णने फार लवचीक असतात. ‘न्यू सरप्लस’ म्हणजे न वापरलेला शिल्लक माल; पण तो गोदामात पंधरा वर्षे पडून असू शकतो. ‘रिफर्बिश्ड’ला काही एकच ठरलेले माप नाही. एक दुकानदार कपॅसिटर आणि पंखा बदलून, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हला मोटर जोडून, भार देऊन तासभर चालवतो. दुसरा स्पिरिटच्या बोळ्याने धूळ पुसून नवा स्टिकर लावतो. दोघेही एकच शब्द लिहितात. ‘चालू मशीनमधून काढलेले’ हे वर्णन खरे असूनही फसवे ठरू शकते, कारण काढल्यानंतर कार्ड पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते की नाही, याबद्दल ते काही सांगत नाही.

या सगळ्यांत नैतिकदृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचे वर्णन ‘तपासलेले नाही’ हे आहे. वरवर पाहता ते सर्वांत प्रामाणिक दिसते. पण ते तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी येते. पहिल्याकडे तपासण्याचे साधनच नाही. ना सॉफ्टवेअर, ना केबल, ना २४ व्होल्टचा पुरवठा. त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे आणि त्याने त्याप्रमाणे भावही कमी लावलेला असतो. दुसऱ्याने कार्ड लावून पाहिले, लाल दिवा पेटलेला पाहिला, आणि मग विक्रीच्या यादीत ‘तपासलेले नाही’ असे लिहिले. हे सरळ असत्य आहे. तिसरा या दोघांच्या मध्ये उभा असतो. त्याच्याकडे साधने आहेत, वेळ आहे, पण तपासले आणि नादुरुस्त निघाले तर तसे लिहावे लागेल, म्हणून तो मुद्दाम तपासत नाही. पहिल्याचे अज्ञान नाइलाजाचे असते, तिसऱ्याचे कमावलेले. त्याचे वाक्य खोटे नाही, पण दोषाची जोखीम मुकाट्याने ग्राहकाच्या गळ्यात घालण्यासाठी ते योजलेले असते. या तिघांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे आहे, आणि यादीतली ओळ वाचून त्यांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर ग्राहक सगळ्याच मालाला वाईट मालाचा भाव देऊ लागतो आणि चांगला माल बाजार सोडून जातो. या मांडणीसह माहितीच्या विषमतेवरील कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. जुन्या पीएलसीच्या बाजारात एक भर पडते: पुष्कळदा विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसते, आणि तपासून नीट विकणाऱ्याला आपले कष्ट भावात वसूल करता येत नाहीत.

गप्प बसण्याबद्दल कायद्याची भूमिका बरीच सैल आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये लबाडीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली घोड्याचे उदाहरण आहे. घोडा रोगट आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात त्याबद्दल काहीच सांगितले नाही, तर ती लबाडी नव्हे. मात्र त्याच उदाहरणांच्या मालिकेत पुढे असेही आहे की, ‘तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निरोगी समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यावर मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाईल. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद आजच्या ग्राहकाच्याही उपयोगाची आहे. ‘सीपीयू रन मोडमध्ये जातो का? सगळी आउटपुट तपासली का? पूर्वी दुरुस्ती झाली आहे का?’ असे नेमके प्रश्न खरेदीपूर्वी लेखी संदेशातून विचारले की विक्रेत्याच्या मौनाचा अर्थ बदलतो. प्रामाणिक माणूस अशा प्रश्नांनी दुखावला जात नाही. ‘चालूच आहे हो, घ्या बिनधास्त’ एवढेच उत्तर आले तर ग्राहकाने त्यातून जे समजायचे ते समजावे.

दोषाची जबाबदारी ठरवण्याआधी दोष कसा निर्माण होतो हे पाहावे लागते, कारण नादुरुस्त निघालेला प्रत्येक नग फसवणुकीचा पुरावा नसतो. ड्राइव्हमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नुसते पडून राहिल्यानेही दुबळे होतात. वर्षाहून अधिक काळ बंद असलेल्या ड्राइव्हला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये, डिमरस्टॅटने ते हळूहळू चढवावे, असे अनेक उत्पादकांच्या पुस्तिका सांगतात. म्हणजे काढताना उत्तम असलेला ड्राइव्ह ग्राहकाच्या टेबलावर पहिल्याच मिनिटाला फुटू शकतो आणि त्यात विक्रेत्याने काहीही लपवलेले नसते. जुन्या पीएलसींत प्रोग्रॅम लिथियम बॅटरीच्या आधाराने टिकतो. बॅटरी संपली की मेमरी रिकामी होते. सीमेन्स एस-७-३०० चे अलीकडचे सीपीयू त्यांच्या खास मेमरी कार्डाशिवाय चालत नाहीत, आणि कार्ड नसलेला सीपीयू पाहून ‘मेला’ म्हणणारे ग्राहक कमी नाहीत.

ग्राहकाच्या हातून होणारा नाशही तितकाच खरा आहे. जपानमधल्या कारखान्यांत तीन फेजचा २०० व्होल्टचा पुरवठा सर्रास असतो, त्यामुळे तिथून आलेले पुष्कळ ड्राइव्ह २०० व्होल्ट वर्गाचे असतात. इथला वायरमन पाटी न वाचता त्यांना ४१५ व्होल्ट जोडतो. आत डीसी बसवर, म्हणजे एकदिश विजेच्या पट्टीवर, सुमारे ५८५ व्होल्ट तयार होतात आणि ४०० व्होल्टच्या आसपास क्षमता असलेले कपॅसिटर क्षणात जातात. त्यानंतर विक्रेत्याला जो संदेश जातो त्यात बहुधा एवढेच असते: ‘माल खराब निघाला, पैसे परत करा.’ विक्रेत्याच्या ‘तपासलेले नाही’ या ओळीत जेवढी अप्रामाणिकता मावते, तेवढीच या वाक्यातही मावते. ग्राहक म्हटला की तो आपोआप दुबळा आणि निरपराध, हा समज या बाजाराने फार दिवस पोसला आहे. नग येण्यापूर्वीच मेलेला होता, वाटेत आदळून मेला, की टेबलावर मारला गेला, हे ठरवताना बहुतेक वेळा एकच साक्षीदार असतो. तो म्हणजे तो जोडणारा माणूस.

म्हणून तपासणीची शिस्त हा सभ्यतेचाही भाग ठरतो. खोका उघडताना फोटो काढावेत. पाटीवरचा अनुक्रमांक, वाकलेल्या पिना, जळका वास यांची नोंद करावी. पुरवठ्याचा वर्ग पाटीवर वाचून खात्री करावी. पहिली चाचणी यंत्रावर न करता टेबलावर, करंट मर्यादित ठेवता येणाऱ्या पुरवठ्यावर करावी. ड्राइव्ह उघडायचाच असेल तर वीज काढल्यावर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, डीसी बस मोजून मगच हात घालावा. नुसता रनचा हिरवा दिवा पाहून समाधान मानू नये. प्रत्येक इनपुट आणि आउटपुट स्वतंत्रपणे पाहावे, कारण रिले आउटपुटचे संपर्क झिजलेले असतील तर सीपीयू तसे सांगत नाही.

आणि हे लवकर करावे. अडीअडचणीला असू द्यावे म्हणून घेतलेले कार्ड वर्षभर कपाटात राहते आणि यंत्र बंद पडते त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर निघते. तोवर तक्रारीचा नैतिक आधारही गेलेला असतो. मालविक्री कायदा, १९३० ग्राहकाला माल तपासण्याची वाजवी संधी देतो. पण वाजवी काळ उलटूनही नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असे तो धरतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी ऑनलाइन जगात ‘जसे आहे तसे’ होऊन आली आहे. करारातून गर्भित हमी वगळण्याची मुभा कायद्यात आहेच. पण चुकीच्या वर्णनाला असल्या पाटीची ढाल पुरत नाही.

ग्राहक न्यायालयाचा दरवाजा छोट्या उद्योजकाला उघडा आहे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने गाजवला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून यंत्र घेतले. ते उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी तक्रार महाराष्ट्र राज्य आयोगापुढे गेली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही खरेदी व्यापारी हेतूची ठरवली आणि तक्रारदार ‘ग्राहक’ नाही, असा निर्णय दिला. मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथसारखे यंत्र घेणारा माणूस ग्राहकच राहतो, हेही त्याच निकालात स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये हाच फरक कायम आहे. चार कामगार ठेवून यंत्रे चालवणाऱ्या वर्कशॉपला त्यामुळे बहुधा दिवाणी न्यायालयच उरते, आणि आठ हजारांच्या कार्डासाठी तिथे कोणी जात नाही. एवढ्या लहान रकमांच्या व्यवहारात दोन्ही बाजूंची सचोटी हाच प्रत्यक्षातला कायदा असतो.

सचोटीची कसोटी परतीच्या वेळी लागते. आपले जुने मेलेले कार्ड खोक्यात भरून परत पाठवायचे आणि आलेले चांगले ठेवून घ्यायचे, हा प्रकार विक्रेत्यांना चांगला परिचित आहे; अनुक्रमांकाचे फोटो आणि स्क्रूवरची सीलची खूण त्यासाठीच असतात. आतले सुटे भाग काढून घेऊन ‘नादुरुस्त’ म्हणून परत करणे ही त्याचीच धाकटी आवृत्ती. याहून सौम्य पण अधिक प्रचलित अशी एक गोष्ट आहे: किरकोळ दोष फुगवून अर्धे पैसे परत मागायचे आणि वस्तू वापरत राहायचे. वाईट शेऱ्याच्या भीतीने विक्रेता ते देतो. याउलट, दोष खरा असेल तर चांगला विक्रेता वाद न घालता पैसे परत करतो आणि मेलेला नग मागवण्याचा वाहतूक खर्चही सोडून देतो. तसे झाले तर तो नग ग्राहकाकडेच राहतो आणि पुढचा प्रश्न त्याच्यासमोर येतो.

मेलेल्या नगाचे काय करायचे? तो ‘तपासलेले नाही’ म्हणून पुन्हा यादीवर टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण फसलेल्या माणसाला आपले नुकसान पुढे सरकवणे न्याय्य वाटू लागते. वास्तविक नादुरुस्त मालालाही उघड बाजार आहे. दुरुस्ती करणारे कारागीर ‘फक्त सुट्या भागांसाठी’ म्हणून असे नग घेतात. त्यातला पॉवर सप्लाय, डिस्प्ले, कनेक्टर, बाहेरची पेटी दुसऱ्या नगाला जीवदान देते. दोष नेमका लिहिला तर त्यांना अधिक भाव देणेही परवडते. नगावरच कायम शाईने दोष लिहून ठेवणे ही साधी सवय कित्येक हातांना वाचवते. सुट्या भागांनाही घेणारा नसेल, तर २०२३ च्या एप्रिलपासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे तो द्यावा. फेरीवाल्या भंगारवाल्याकडे गेला तर सर्किट बोर्ड उघड्यावर जाळले जाण्याची शक्यता राहते.

विकणाऱ्याने वस्तूबरोबर तिच्याविषयीचे ज्ञान दिले नाही तर काय घडू शकते, याचे टोकाचे उदाहरण २०१० मध्ये दिल्लीत घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, १९६८ साली आणलेले आणि वर्षानुवर्षे बंद असलेले गॅमा किरणांचे उपकरण लिलावात भंगार म्हणून गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतल्या कोबाल्ट-६० मुळे अनेक जण आजारी पडले, एका कामगाराचा मृत्यू झाला. पीएलसीमध्ये कोबाल्ट नसतो, हे खरे. पण तिच्यात दुसऱ्या कारखान्याचा प्रोग्रॅम, नेटवर्कचे पत्ते, पासवर्ड असतात, आणि एचएमआयमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या पडद्यात, रंग किंवा रसायन मिसळण्याची प्रमाणेही. विकणाऱ्याने मेमरी पुसून द्यावी. राहून गेलीच, तर घेणाऱ्याने ती उघडून वाचत बसू नये. पुसावी आणि आपला प्रोग्रॅम भरावा.

एका प्रकारच्या मालाला ही सगळी चर्चा लागू होत नाही: सुरक्षा रिले, लाइट कर्टन, आपत्कालीन थांब्याचे मॉड्यूल. यंत्रांच्या सुरक्षा नियंत्रणासाठीचे आयएसओ १३८४९-१ हे मानक अशा भागांचा विचार साधारण २० वर्षांच्या सेवाकाळाच्या हिशेबाने करते, आणि संपर्क असलेल्या भागांचे आयुष्य किती वेळा उघडझाप झाली यावर मोजले जाते. जुन्या रिलेची ही संख्या कोणालाही ठाऊक नसते. टेबलावर तो दहा वेळा बरोबर चालेल आणि अकराव्या वेळी पॉवर प्रेसखाली हात असताना संपर्क चिकटून बसेल. धोकादायक भागांना आडोसा करण्याचे बंधन कायद्याने मालकावर आहे, आणि इथे स्वस्त खरेदीची जोखीम घेणारा मालक ती स्वतःच्या बोटांवर घेत नसतो. असा जुना रिले आयटीआयच्या प्रशिक्षण टेबलासाठी घ्यायला हरकत नाही. त्यावर ‘यंत्राला जोडू नये’ अशी पट्टी चिकटवलेली असावी.