त्रिविध ताप आणि निसरपूरचे बुडणे

जिवावर बेतलेला प्रसंग सरल्यानंतरही तो मनात पुन्हा पुन्हा घडत राहणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत दचकत राहणे, या अवस्थेला आघातोत्तर तणाव म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० साली तिचा आपल्या निदानसूचीत समावेश केला. लक्षणे पहिल्या महिन्यापुरतीच राहिली तर तो तीव्र तणाव ठरतो आणि ती पूर्णपणे प्रकट व्हायला सहा महिने किंवा अधिक काळ लागला तर विलंबित. सुटकेची वाट नसलेल्या प्रदीर्घ छळातून मात्र बहुधा व्यामिश्र प्रकार उद्भवतो, ज्यात मूळ लक्षणांखेरीज भावनांवरचा ताबा सुटतो, स्वतःविषयी हीनभाव रुजतो आणि नात्यांत दुरावा येतो.

हे वर्गीकरण दुःख कसे प्रकटते ते सांगते. ते कोठून आले, हा प्रश्न सांख्य दर्शनाच्या अनुयायांनी त्रिविध तापांच्या, म्हणजे तीन प्रकारच्या दुःखांच्या, रूपाने मांडला. स्वतःच्या शरीर-मनातून उद्भवतो तो आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून होतो तो आधिभौतिक आणि दैवी शक्तींमुळे होतो तो आधिदैविक ताप.

मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील निसरपूर हे गाव या कसोटीवर पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर धरणाचा जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि नर्मदेच्या फुगवट्यात हे गाव बुडाले. श्रद्धावंतासाठी नर्मदा ही माता आहे, तिची परिक्रमा हे पुण्य आहे. मग तिच्याच पाण्याने घर गिळले तर राग धरावा कोणावर? हा ताप आधिदैविक मानला की रागाला जागाच उरत नाही आणि तो आत वळून अपराधभावाचे रूप घेऊ शकतो. वस्तुतः पाण्याची पातळी माणसांनी ठरवली होती, म्हणून हा ताप आधिभौतिक होय. नर्मदा बचाओ आंदोलनाने दशकानुदशके धरलेला आग्रहही याच जबाबदारीचा आहे.

यावर कर्मसिद्धांताचा आक्षेप संभवतो, की प्रत्येक दुःख हे पूर्वकर्माचेच फळ असते. परंतु भोगणाऱ्याचे प्रारब्ध मान्य केले तरी करणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे आता घडणारे कर्म, त्याने पुसले जात नाही. दृष्ट, म्हणजे लौकिक, उपायांनी दुःखाचा निश्चित आणि कायमचा नाश होत नाही, असे सांख्य म्हणतात. त्यावरून जमीन, घर आणि मानसोपचार अनावश्यक ठरत नाहीत, कारण अपुरा उपाय नाकारण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्याचा आहे, ते देणाऱ्याचा नव्हे.