मिटलेली जखम



कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल मंडळीला शरीराची उपमा देताना सांधे व बंधने यांचाही उल्लेख करतो. हात, पाय, डोळा यांवर प्रवचने पुष्कळ होतात. बंधनांकडे आपले लक्ष कमी जाते.

कातडी, हाडे, सांधे ज्या चिवट तंतूंनी एकत्र राहतात, त्यांच्या द्रव्याला कोलॅजेन म्हणतात. शरीरातील प्रथिनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा तेच. दोरखंडाप्रमाणे तीन पदरांचा पीळ असलेली त्याची रचना जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मद्रासेत १९५४-५५ मध्ये मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतील तंतू तपासून!

जखम भरते ती याच तंतूंनी. व्रण राहिला की काम संपले असे आपण समजतो. परंतु व्रणातही जुने तंतू झिजत असतात व नवे विणले जात असतात. पीळ घट्ट बसण्यास आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्व लागते, आणि ते आपले शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही.

ॲन्सन या इंग्रज दर्यासारंगाचे आरमार १७४० साली जगप्रवासास निघाले. ताज्या अन्नावाचून स्कर्व्हीने शेकडो माणसे मेली. त्यांच्यात १६९० साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत जखमी झालेला एक वृद्ध होता. त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या. सांधलेले हाड कधी सांधलेच नव्हते असे सुटले. पन्नास वर्षांनंतर! आणि नवा वार कोणी केला नव्हता.

आपल्या मंडळ्यांतही असे व्रण आहेत. कब्रस्तानाच्या जागेवरून आजोबांच्या वेळी तंटा झाला, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून समेट घडवला. मिटले, असे आपण म्हणालो. मग भांडण राहिले नाही, पण येणेजाणेही राहिले नाही. पुढे एखाद्या लग्नपत्रिकेवरून सारे उघडे पडते, आणि आपण बिचाऱ्या पत्रिकेला दोष देतो.

क्षमा आपल्या अंगी उत्पन्न होत नाही. शरीराला पोषण मस्तकापासून, म्हणजे ख्रिस्तापासून मिळते, असे पौल त्याच ठिकाणी सांगतो. ते रोज मागून घ्यावे लागते, आणि रोज पुढे पोहोचवावे लागते.

तेव्हा ज्या घरी आपण वर्षभर गेलो नाही, तेथे या आठवड्यात जाऊ. चहा घेऊ, मुलांची चौकशी करू. जुना विषय काढण्याचे कारण नाही.