विकतची कोंडी

माणसाला एखादा छंद असावा असं सगळेच सांगतात. तो छंद चारचौघांत सांगताना जीभ अडखळू नये, हे मात्र कोणी सांगत नाही. तिकिटं जमवणाऱ्याला पाहुण्यांपुढे आल्बम उघडता येतो. गड चढणाऱ्याला निदान सुजलेला गुडघा दाखवता येतो. मी मात्र गावोगाव, आणि जमेल तेव्हा देशोदेशी, हिंडून पैसे भरून स्वतःला एका खोलीत कोंडून घेतो, तासाभरात बाहेर येतो आणि ती खोली कशी होती ते वहीत लिहून ठेवतो. आजवर १३७ खोल्या झाल्या. हे ऐकल्यावर आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

ह्या खेळाला एस्केप रूम म्हणतात. मराठीत 'सुटका-खोली' म्हणून पाहिलं, पण त्याला प्रसूतिगृहाचा वास येतो. शेजारच्या आजींनी तर "कोणाची सुटका झाली? मुलगा की मुलगी?" असं विचारलंसुद्धा. तेव्हा इंग्रजी नावच राहू दे.

खेळ असा. दोन ते सहा माणसांनी आत जायचं. खोली कधी शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा असते, कधी बुडत्या जहाजाची केबिन, कधी खून झालेल्या सरदाराचा दिवाणखाना. (सरदार आधीच हलवलेले असतात. तेवढी सभ्यता सगळे पाळतात.) भिंतीवरच्या घड्याळात साठ मिनिटांची उलटी मोजणी सुरू होते. मग गालिचा उलटा, पुस्तकं झटका, तसबिरींच्या मागे डोकवा. इथे चार आकडी कुलूप, तिथे खोटा तळ असलेला खण. एकाची किल्ली दुसऱ्याच्या पोटात आणि दुसऱ्याची तिसऱ्याच्या, असं करत करत शेवटी मुख्य दार उघडायचं. बाहेर एक पोरगा किंवा पोरगी कॅमेऱ्यातून आपली त्रेधा पाहत बसलेली असते. फारच अडलं तर पडद्यावर इशारा येतो. इशारा घ्यावा की न घ्यावा यावरून मी सुशिक्षित नवरा-बायकोंना तीन तीन दिवस अबोला धरलेलं पाहिलं आहे.

आमच्या घरात तो प्रश्न येत नाही, कारण इशाऱ्याचं खातं हिच्याकडे आहे. मी भिंतीवरच्या रोमन आकड्यांचा चंद्रकलांशी संबंध लावत उभा असतो, तेव्हा ही शांतपणे सोफ्याच्या फटीत हात घालते आणि किल्ली काढते. "तुमचा चष्मा तिथेच सापडतो," एवढंच म्हणते. तीस वर्षांचा सराव कुठे ना कुठे उपयोगी पडतोच.

आता हे खूळ आलं कुठून? २००७ साली जपानात, क्योतो शहरात, ताकाओ कातो यांनी असा पहिला खेळ केला. त्याआधी संगणकाच्या पडद्यावर खोलीतून सुटण्याचे खेळ होतेच. त्यांनी पडदा काढून टाकला आणि माणसंच आत ढकलली. युरोपात हे बी रुजलं ते बुडापेस्टमध्ये. २०११ साली अटिला ग्युर्कोविच यांनी तिथे 'पॅरापार्क' सुरू केलं आणि बघता बघता शहरभर अशा खोल्यांचं पीक आलं. कारण उघड आहे. जुन्या पेस्ट भागात पडक्या इमारती आणि ओस पडलेली तळघरं भरपूर. ज्या तळघराला भाडेकरू मिळत नाही, तिथे तासाचे पैसे मोजून कोंडून घेणारे मिळाले, तर घरमालकाला आणखी काय हवं? आमच्याकडे गिरगावात, दादरला दहा बाय बाराच्या खोलीत आठ आठ माणसांनी जन्म काढले, तेही उलट भाडं भरून, आणि त्यात काही खेळ आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

बुडापेस्टचं मात्र मला नवल वाटत नाही. बेड्या आणि पेट्यांतून सुटून दाखवणारा हॅरी हूडिनी तिथेच १८७४ साली जन्मला. लहानपणीच अमेरिकेत गेला, ही गोष्ट वेगळी. बरोबर शंभर वर्षांनी, १९७४ साली, त्याच शहरात एर्नो रुबिक या प्राध्यापकानं तो रंगीत ठोकळा केला आणि स्वतः केलेला ठोकळा पुन्हा जुळवायला त्याला महिनाभर लागला. ज्या गावाचा प्राध्यापक स्वतःच्याच कोड्यात महिनाभर अडकतो, त्या गावात आम्ही तासभर अडकलो तर काय बिघडलं? मुलगी जर्मनीत असते, तिच्याकडे गेलो की मी एक चक्कर बुडापेस्टला टाकतोच. ही डॅन्यूब पाहते. मी तळघरं पाहतो.

खोली पाहणं सोपं आहे. तिच्यावर लिहिणं कठीण. माझ्या वहीतली परीक्षणं आमच्या छंदिष्ट मंडळींत फिरतात, आणि ती वाचून लोक खरोखर रेल्वेची तिकिटं काढतात. म्हणजे जबाबदारी आली. पण लिहायचं काय? नाटकाच्या परीक्षकाला कथानक सांगता येतं, हॉटेलवर लिहिणाऱ्याला मिसळीची तर्री वर्णिता येते. इथे सगळी मौज न कळण्यात. घड्याळाच्या लंबकात किल्ली आहे असं मी लिहिलं, की वाचणाऱ्याचे पैसे बुडाले आणि मालकाचा धंदाही. आमच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर तिसऱ्याच पानाला पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महात्मा होता. तो कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं स्वतःचं रहस्य मात्र त्यानं बरोबर जपलं! उलट लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना हात जोडून सांगतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक ऐकतात. एका पिढीनं दुसऱ्या पिढीशी न बोललेलं इतकं एकमतानं जपलेलं दुसरं काही मला तरी आठवत नाही.

म्हणून माझी परीक्षणं साधारण अशी असतात: "खोली उत्तम. का ते सांगता येत नाही. पाचव्या कुलपापाशी हिला हसू आलं. आम्हाला ५२ मिनिटं लागली." वाचून आमचे मेव्हणे म्हणाले, "दाजी, हे परीक्षण आहे की कोडं?"

पण लपवण्याजोगं सगळंच लपवावं का? इथे मी जरा थांबतो, कारण विनोदानं बाजूला सारता येत नाही अशी एक तारीख मध्ये येते. ४ जानेवारी २०१९. पोलंडमधल्या कोशालिन गावात पंधरा पंधरा वर्षांच्या पाच मुली एकीचा वाढदिवस साजरा करायला अशाच खोलीत गेल्या. बाहेरच्या भागात गॅसच्या शेगडीमुळे आग लागली, धूर भरला आणि पाचही जणी आतच गुदमरून गेल्या. सुटण्याचा खेळ होता, आणि सुटायला खरी वाट नव्हती. त्यानंतर पोलंडभर तपासण्या झाल्या, कित्येक खोल्यांना टाळं लागलं. खरं टाळं.

तेव्हापासून मला ह्या खेळाचं इंगित निराळं दिसू लागलं. चांगल्या खोलीचं मुख्य दार कुलूपबंद नसतंच. किंवा असलं तरी दाराशेजारी बटण असतं, ते दाबलं की दार उघडतं. बरीचशी दारं विजेच्या चुंबकानं धरलेली असतात. वीज गेली की चुंबक गेलं आणि दार मोकळं. भारनियमनामुळे माणूस मुक्त होतो असं जगात हे एकच ठिकाण असावं. आत शिरण्यापूर्वी ती पोरगी सांगतेच, "केव्हाही बाहेर यायचं असलं तर हे हिरवं बटण." आपण मान डोलावतो. आणि पुढची साठ मिनिटं त्या बटणाकडे न बघता घामाघूम होऊन कुलपांशी झटतो. भातुकलीतला खड्यांचा भात तोंडाशी नेऊन "मीठ जरा कमीच झालं" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं हे आहे. खडे आहेत हे त्यालाही ठाऊक, यजमानिणीलाही ठाऊक. पण म्हणून त्यानं "हे खडे आहेत" म्हणावं का? आणि समजा एखाद्या यजमानिणीनं खरोखरच तो भात गिळायला लावला, तर?

म्हणजे कोंडी खोटी असली पाहिजे आणि आपण ती खरी मानली पाहिजे. ती खरी असेल तर तो तुरुंग झाला, मग त्यात मौज कसली? आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट ऐकून आपण थरारतो खरे, पण तिथे पडद्यावर इशारे येत नव्हते आणि हिरवं बटणही नव्हतं.

हे सगळं तत्त्वज्ञान मला एका छोट्या गावात प्रत्यक्ष मोजून द्यावं लागलं. गाव मध्य युरोपातलं, नाव सांगत नाही. एका निवृत्त शिक्षकानं आपल्या आजोबांच्या घड्याळजीच्या दुकानाची अशी खोली केली होती. सगळी यंत्रं त्यानं हातानं केलेली. काय सांगू! म्हणजे सांगताच येत नाही, पण १३७ खोल्यांत मी ती पहिल्या तिनांत धरतो. त्याच्या बायकोनं आम्हाला आधी केक खाऊ घातला. मग त्यानं आम्हाला आत घालून बाहेरून जुनी लोखंडी किल्ली फिरवली, ती खिशात टाकली, आणि दार बंद झालं ते खरोखरच. आतून कडी नाही, बटण नाही, खिडकीला गज. पस्तिसाव्या मिनिटाला ही म्हणाली, "एक इशारा मागा." मागितला. उत्तर नाही. पुन्हा मागितला. अखेर आठ मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली: क्षमस्व, कुत्र्याला फिरवून आणत होतो.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याचे डोळे लकाकत होते. "आवडलं?" आवडलं होतं, त्यात खोटं नव्हतं. दाराचं काय लिहायचं? लिहिलं तर लोक येणार नाहीत आणि एका म्हाताऱ्याची आयुष्याची हौस माझ्या दोन ओळींनी धुळीला मिळणार. नाही लिहिलं, तर माझ्या शब्दावर विश्वासून उद्या कोणाच्या तरी पंधरा वर्षांच्या मुली तिथे येणार. त्या रात्री हॉटेलात मी तीन मसुदे केले. एकात "दाराकडे थोडं लक्ष दिल्यास बरं" असं अत्यंत सभ्य वाक्य होतं. ते ऐकून ही म्हणाली, "हे तुम्ही लग्नात जेवण वाईट झालं की म्हणता तसं झालं. आधी त्याला तोंडावर सांगा. मग लिहा."

सकाळी पुन्हा गेलो. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. "सहा वर्षांत काही झालं नाही," तो म्हणाला. "कोशालिनमध्येही आदल्या दिवसापर्यंत काही झालं नव्हतं," हे मी शक्य तितक्या मऊ इंग्रजीत सांगितलं. त्याची बायको आत निघून गेली. ह्या खेपेला केक नव्हता. वहीत मी लिहिलं: "खोली अप्रतिम. दार आतून उघडत नाही. उघडेल तोपर्यंत जाऊ नये." मंडळींपैकी दोघांनी मला कठोर म्हटलं. एकानं तर ह्या छंदात नैतिकता आणू नका असं बजावलं. जणू ती कोणी बाहेरून डब्यात भरून आणली होती.

चार महिन्यांनी म्हाताऱ्याचं पत्र आलं. दाराला आतून हँडल बसवलं आहे, सोबत फोटो. हँडलखाली पाटी, तीन भाषांत: हा खेळाचा भाग नाही. पुढे तक्रार. काही लोक पाटीवर विश्वासच ठेवत नाहीत, ते हँडल खोलून आत किल्ली शोधत बसतात. आणि परवा एक आजीबाई नातवंडांना घेऊन आल्या, आत शिरल्या, हँडल फिरवून एका मिनिटात बाहेर आल्या आणि बाकावर बसून केक मागू लागल्या. आता नातवंडांचं म्हणणं, आजीचा विक्रम झाला, तेव्हा फळ्यावर तिचं नाव सगळ्यांत वर लिहा. म्हातारा विचारतो, लिहावं का?

पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. हिचं मत, लिहावं.